सड्यावरचं अर्थिंग

गेल्या गणपतीत आरत्या आटोपल्यावर दर्शना नेहमीप्रमाणे गिटार घेऊन बसली आणि दुसऱ्याच ओळीत तिची अनामिका अडली. तार दाबली की सांध्यातून निघालेली कळ थेट कोपरापर्यंत जात होती. दिवाळीपर्यंत करंगळीही अनामिकेच्या पंगतीला जाऊन बसली. डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीसमोर धरला, संधिवाताचं नाव घेतलं आणि लोणचं-पापड बंद करा म्हणावं तितक्या सहजपणे म्हणाले, "वाजवणं आता बंद करा."

"बंद न करता काय करता येईल ते सांगा," दर्शना म्हणाली.

ती शाळेत विज्ञान शिकवायची. 'नाही' हे उत्तर तिला चालायचं, पण त्यामागचं कारण तपासल्याशिवाय ती ते उतरवून घेत नसे. शिवाय प्रश्न साधा नव्हता. सव्वीस वर्षं ती रोज संध्याकाळी तासभर वाजवत आली होती. नवरा स्वरूप जयगडला बंदरावर क्रेन चालवायचा, त्याच्या पाळ्या बदलत राहिल्या, मुलगी सानिका शिकायला पुण्याला गेली, भाड्याची खोली सुटून सड्यावर स्वतःचं घर झालं, पण तो तास तेवढा हलला नाही. तो गेला तर आपलं म्हणून काय उरेल, हे तिला खरोखर ठाऊक नव्हतं आणि त्याची तिला भीती वाटत होती.

डॉक्टरांनी मग नाइलाजानं सांगितलं, की जोर लागणार नाही असं काही वाद्य बघा, वर्ष-दोन वर्षं निघतील.

म्हणून मार्चमधल्या एका रविवारी ती रत्नागिरीत मारुती मंदिराजवळच्या सागरच्या वाद्यांच्या दुकानात जाऊन उभी राहिली. सागर तिचाच विद्यार्थी, दहावीला विज्ञानात काठावर सुटलेला.

"बाई, तुम्ही आणि इलेक्ट्रिक गिटार?"

"का रे, करंट लागेल मला?"

सागर हसला आणि त्यानं भिंतीवरच्या तीन गिटारी उतरवल्या. पहिली इतकी जड, की मांडीवर घेतल्यावर पाट्याची आठवण व्हावी. दुसरी आतून पोकळ, दिसायला तिच्या जुन्या गिटारीची बहीण, पण मान रुंद होती आणि करंगळी पोचता पोचेना. तिसरी फिक्या निळ्या रंगाची. मिरकरवाड्यातल्या अरशदनं ती दुबईहून आणली होती आणि निकाह ठरल्यावर विकायला ठेवली होती. दर्शनानं अनामिका तारेवर ठेवली. दाबायचं तिच्या मनात यायच्या आत, बोटाच्या नुसत्या वजनानं तार खाली गेली. कळ आली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते तिनं लपवलं नाही.

"ही घूं करते हां बाई," सागर म्हणाला. "एकेरी कॉइल आहे. आवाज स्वच्छ, पण घूं थोडं राहणारच."

"चुंबक आणि तारेचं वेटोळं. तुला शिकवलंय मी ते. या पिकअपला हवेतला आवाज ऐकूच येत नाही, फक्त लोखंड हललेलं कळतं."

"परीक्षेत आलं नव्हतं ते," सागर म्हणाला. "पण बाई, ही म्हणजे अर्धं वाद्य. उरलेलं अर्धं अ‍ॅम्पमध्ये."

अ‍ॅम्प त्यानं दोन लावून दाखवले. एक जुना, काचेच्या व्हॉल्व्हचा. त्यातून काहीही वाजवलं तरी गोडच यायचं, तिच्या अडखळणाऱ्या बोटाच्या चुकासुद्धा साखरेत घोळून निघायच्या. दुसरा लहान, काळ्या डब्यासारखा. त्यात बोट घसरलं की घसरलेलं ऐकू यायचं, तार नीट दाबली गेली नाही की झरझर ऐकू यायची. सागर जुन्याच्या बाजूनं बोलत राहिला. दर्शनानं डोळे मिटून दोन्ही तीन-तीनदा ऐकले आणि काळा डबा निवडला.

"गोड नको मला," ती म्हणाली. "खरं बोलणारा दे."

घर कुवारबावच्या पुढं, सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर. तीन वर्षांपूर्वी बांधलेलं, मागे एका बागायतदाराची हापूसची कलमं आणि पुढं उघडा, काळपट तांबडा कातळ. पश्चिमेला समुद्राची एक रेघ दिसायची. घरी आणून अ‍ॅम्प लावला आणि घूं सुरू झालं. थोडंथोडकं नव्हे, गिरणीत आल्यासारखं. दर्शनानं तारांना हात लावला की ते निम्मं व्हायचं, हात काढला की पुन्हा भरून यायचं. तिला निदान करायला वेळ लागला नाही. घराचं अर्थिंग नावालाच होतं.

"नाचता येईना अंगण वाकडं ऐकलं होतं," स्वरूप म्हणाला. "वाजवता येईना अर्थिंग वाकडं, हे नवीन."

पण दुसऱ्या दिवशी त्यानंच सदू वायरमनला फोन केला.

कातळात अर्थिंग करणं हे एक दुखणंच असतं. सड्यावरची माणसं खड्डा खोदतात, तांब्याची पट्टी पुरतात, वर मीठ आणि कोळसा भरतात आणि उन्हाळाभर त्यात बादली-बादली पाणी ओतत बसतात, कारण कोरडा कातळ वीज पोटात घेत नाही. सदूनं पहारीचे चार घाव घातले. ठिणग्या उडाल्या, कपचा निघाला नाही.

"वयनी, हतं काय लागायचा नाय. समदा कातळ हाय."

मग तो कंपाउंडच्या कडेनं हिंडत गेला आणि एका जागी थांबला. तिथं कातळात घागरीच्या तोंडाएवढं भोक होतं. पावसाळ्यात सड्याच्या त्या बाजूचं सगळं पाणी गरगरत त्यात जायचं.

"ह्यो कदी भरलेला बगितलाय तुमी?"

"नाही," दर्शना म्हणाली. "म्हणजे खाली ओल असणार. ओल आहे तिथं अर्थिंग उत्तम. यातच सोड."

सदूनं भोकाकडे पाहिलं आणि मग तिच्याकडे. "वयनी, तेच्यात आजवर कोन काय सोडीत नाय."

"का?"

"का ता म्हायत नाय. सोडीत नाय येवडा खरा."

"कारण माहीत नसेल तर ते कारण नव्हे, सदू."

सदूनं गोणीत खडेमीठ आणि कोळसा भरला, मधोमध तांब्याची पट्टी ठेवली, तोंड बांधलं आणि वायरला लटकवून गोणी आत सोडली. वायर सुटत गेली, सुटत गेली. चाळीस फूट गेल्यावर गोणी कशावर तरी टेकली. सदूनं चपला काढल्या, भोकाकडे तोंड करून हात जोडले आणि गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली.

"बा म्हाराजा, हतल्या राखनदारा! आज वयनीनी तुज्या दारात वायर सोडलीन हाय. काय चूकभूल झाली आसंल तर पोटात घाल. तिचा वाजवना कदी थांबू देव नको. जतं तिचा हात थकंल, ततं तू हात लाव रे म्हाराजा!"

आणि तो थांबला. दर्शना बघत राहिली.

"वयनी, व्हय म्हाराजा बोला. गाऱ्हान्याला होकार लागतो. नायतर ता आर्धा ऱ्हाता."

आता इथं वाद कुठं घालायचा? सदूचा जीव थंड होईल तर होऊ दे. दर्शना हसत म्हणाली, "व्हय म्हाराजा."

सदूनं टेस्ट लॅम्प लावून दाखवला. बल्ब असा पांढरा लखलखीत पेटला, की इतकं चांगलं अर्थिंग आपण जन्मात पाहिलं नाही, असं तो दोनदा म्हणाला.

त्या संध्याकाळी अ‍ॅम्पमध्ये घूं नव्हतं. काहीच नव्हतं. इतकी शांतता, की लाल दिवा जळत नसता तर अ‍ॅम्प बंद आहे असं वाटलं असतं. दर्शनानं सगळ्यात जाड तार छेडली. स्वर लांब गेला, विरला. ती पाण्याचा तांब्या घ्यायला वळली आणि अ‍ॅम्पमधून तोच स्वर पुन्हा आला.

हलका, पण तोच. छेडताना तिचं नख तारेला लागलं होतं, ती खरखरसुद्धा त्यात होती.

तिनं घड्याळ लावलं. छेडल्यापासून अकरा सेकंद. पुन्हा छेडली, पुन्हा अकरा. गिटारची वायर अ‍ॅम्पमधून उपसली, तरी अकराव्या सेकंदाला स्वर आला. मग तिनं प्लगमधली अर्थिंगची तार सोडवली. घूं आलं, स्वर आला नाही. तार पुन्हा जोडली, आणि आला. चारदा केलं, चारही वेळा तेच. म्हणजे स्वर अर्थिंगमधून येत होता.

पाय वर घेऊन ती खुर्चीत बसली आणि वहीत आकडेमोड करू लागली. कठीण खडकात ध्वनी सेकंदाला साधारण पाच किलोमीटर जातो. अकरा सेकंद, जाणं आणि येणं. साडेसत्तावीस किलोमीटर. इथून जयगडच्या थोडं अलीकडे जितकं लांब, तेवढं, सरळ खाली. तांब्याच्या पट्टीला ध्वनी ऐकू येत नाही, हे तिला माहीत होतं. तरी तिनं आकडा लिहिला. आपल्या मधल्या बोटानं छेडलेला एवढासा स्वर त्या अंधारात तिथवर उतरतो, कशाला तरी लागतो आणि परत येतो, या विचारानं तिच्या अंगावर सरसरून काटा आला. भीती त्यात कमी होती. लहानपणी बाबांबरोबर हेदवीच्या देवळात ती पहिल्यांदा गेली होती, तेव्हा गाभाऱ्यासमोर जे झालं होतं ते पुन्हा झालं. तिचे हात जोडले गेले.

दुसऱ्या दिवशी दहा सेकंद लागले. तिसऱ्या दिवशी नऊ.

तिनं शाळेतून आलेखाचा कागद आणला आणि रोजचा ठिपका मांडायला लागली. ठिपके एका सरळ रेषेत उतरत होते. जिथून स्वर परत येत होता ते काहीतरी रोज अडीच किलोमीटर वर येत होतं, एवढाच त्याचा अर्थ होत होता. रेघ पुढं वाढवली तर ती पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी शून्याला टेकत होती. तिनं कागद घडी करून वहीत ठेवला आणि सदूला फोन केला नाही.

का केला नाही, याचं कारण तिला चांगलं ठाऊक होतं. पाचव्या दिवशी पातळ तारांवरही अनामिकेत कळ आली. गिटार हलकी होती, अ‍ॅम्प खरा होता, आणि त्या खऱ्या अ‍ॅम्पमधून तिचं अडखळणं जसंच्या तसं ऐकू येत होतं. पण सात सेकंदांनी जे परत येत होतं, त्यात अडखळणं नव्हतं. त्याच ओळी, तिचाच हात, तिचीच स्वरावर किंचित रेंगाळण्याची खोड, फक्त बोटं विशीतली. दर्शना ऐकत राहिली आणि रडली. आपण एके काळी असं वाजवत होतो, हे तिला कुणी इतक्या वर्षांत सांगितलं नव्हतं.

सहाव्या दिवशी परत आलेल्या ओळींच्या मध्ये एक श्वास होता.

पिकअपला श्वास ऐकू येत नाही. त्याला फक्त लोखंड कळतं. तिनं तीनदा वाजवून पाहिलं आणि तिन्ही वेळा, ओळ संपताना ती घेते तसा, नाकातून घेतलेला छोटा श्वास अ‍ॅम्पमधून आला. आणि त्याच्यामागे केवढी तरी मोठी जागा होती. सगळी रत्नागिरी आत मावावी, एवढी जागा. तिथं कुणीतरी दम धरून ऐकत होतं.

सातव्या दिवशी स्वरूपची सकाळची पाळी होती. तो संध्याकाळी घरी आला, दारातच उभा राहिला आणि अ‍ॅम्पमधून येणारं ऐकलं. दर्शनाचे दोन्ही हात तेव्हा मांडीवर होते.

"हे कोण वाजवतंय?"

"मी. पाच सेकंदांपूर्वी."

त्यानं तिच्या सुजलेल्या बोटांकडे पाहिलं. मग तो म्हणाला, "ती वायर काढूया."

"शुक्रवारनंतर."

"शुक्रवारी काय आहे?"

तिनं आलेखाची वही मिटली.

दर्शनाची एक स्वतःची धून होती. चोविसाव्या वर्षी सुरू केलेली आणि एका वळणावर येऊन थांबलेली. तिथून पुढं जायला बोटं जेवढी लांब लागत होती तेवढी तिची कधी लांबली नाहीत, आणि पुढं काय आहे तेही तिला कळलं नाही. नवव्या दिवशी, अंतर तीन सेकंदांवर आलं असताना, तिनं त्या धुनेचे पहिले चार स्वर वाजवले. पाचवा तिला दाबता आला नाही. ती थांबली.

अ‍ॅम्प थांबला नाही.

धून वळणापाशी आली, क्षणभर रेंगाळली आणि वळणाच्या पलीकडे गेली. तिथं काय होतं, हे दर्शनाला सांगता आलं नसतं. एवढंच, की ते ऐकताना प्रत्येक स्वराला तिला वाटत होतं, हो, हेच. हेच होतं ते. चोवीस वर्षं ते तिच्या पायाखाली होतं आणि कुणीतरी ते तिच्यासाठी सांभाळून ठेवलं होतं.

तिनं वाकून खालच्या लादीला हात लावून नमस्कार केला.

शुक्रवारी स्वरूपला सुट्टी होती. दुपारचं जेवण झालं, तो आत आडवा झाला. बाहेर चैत्राचं ऊन कातळावर लखलखत होतं आणि काजूच्या बोंडांचा आंबूस वास खिडकीतून येत होता. चार वाजता दर्शनानं गिटार मांडीवर घेतली आणि घड्याळ लावलं.

छेडलं. दोन आवाज ऐकू आले नाहीत. एकच आला, जाड, तेजस्वी, आणि तिच्या छातीतून थेट खाली, कातळातून, त्याच्याही खालून. ती आणि ते एकाच वेळी एकच स्वर वाजवत होते. आयुष्यात ती इतकी सुखी कधी झाली नव्हती.

तिनं पुन्हा छेडायला हात उचलला.

स्वर आला.

हात अजून हवेतच होता.

तिनं गिटार स्टँडवर ठेवली. हात गुडघ्यांवर ठेवले. वाजणं चालूच होतं. धून पहिल्यापासून, तिच्या हाताची, वळणावरून पुढं, न थांबता, न चुकता. ओळींच्या मध्ये तिचा श्वास होता. खोलीत ती स्वतः श्वास रोखून बसली होती.

आता माझी गरज नाही याला, असं तिच्या मनात आलं. अगदी शांतपणे आलं.

ती उठली. माळ्याखालच्या पेटीतून पक्कड घेतली आणि मागच्या दारानं अनवाणी बाहेर गेली. कातळानं पाय भाजले. भोकापाशी ती उकिडवी बसली. वायर आत उतरत होती आणि तिच्यावर बोट ठेवलं तर ती थरथरत होती, धुनेच्या लयीत. हॉलच्या खिडकीतून तीच धून इथवर येत होती.

तिनं पकडीचे दात वायरवर बसवले.

तोडली, की घूं. घूं, आणि ही दोन बोटं, आणि वर्ष-दोन वर्षं. मग काही नाही. तिनं पक्कड दाबली. दाबली गेली नाही. जोर बोटांत नव्हता की मनात, हे तिचं तिला कळेना. तिनं दुसरा हात लावला. डोळे मिटले.

घरात पलंग करकरला. स्वयंपाकघरात नळ सुटला, भांडं वाजलं. स्वरूप उठला होता. तो हॉलच्या दिशेनं, झोपेतल्या जड आणि खूश आवाजात ओरडला, "अगो दर्शना, काय सुरेख वाजवतेस हां आज! चहा ठेवू काय?"

मी इथं आहे, बाहेर, असं सांगायला दर्शनानं तोंड उघडलं.

हॉलच्या खिडकीतून तिचाच आवाज आला, किंचित हसरा, धून जराही न तोडता.

"ठेवा. आलेच मी."